फुटामागं एक सूत

मच्छेच्या बाहेर, उद्यमबागची काळी धूळ
जिथं हळूहळू तांबडी व्हायला लागते,
तिथं भरमाणी सुतारानं घर उभं केलं
फौंड्रीनं टाकून दिलेल्या लाकडी पॅटर्नांचं.

चौकट म्हणजे कुठल्याशा लेथचा बेड.
खिडकी, अर्धं सागवानी फ्लायव्हील,
त्याच्या आऱ्यांमधून चांगुणाबाई
शेळीला हाका मारते.
देवघर पंपाच्या पोटात.
समई आत ठेवली की ज्योत दिसत नाही,
नुसता उजेड वळसा घेऊन बाहेर येतो.

मी त्याच्या हाताखाली रंग द्यायचो.
बीड ओतलं तसंच राहणार, तिथं लाल.
अजून कातायचं, तिथं पिवळा.
आत पोकळी राहणार, तिथं काळा.
घरालाही हेच रंग.
उंबरा पिवळा, ठीक आहे,
पण झोपायच्या खोलीत हा हातभर काळा पट्टा कशाला?
"बगू की," एवढंच म्हणायचा.

घरात काटकोन नाही.
भिंती वर जाताना जराशा आत कललेल्या.
"साचा उचलताना
वाळू मोडली न्हाई पायजे."

मार्चात पंचायतीचे कडेमनी साहेब आले,
घरपट्टीसाठी टेप घेऊन.
सोपा भरला बारा फूट दीड इंच.
भरमाणीनं खिशातली पितळी पट्टी लावली:
बरोबर बारा.
परत टेप. परत पट्टी.
"इदु याव फूट री?"
हा कुठला फूट म्हणून साहेब हसायलाच लागले.

"बिडाचा. बीड थंड होताना आकसतंय,
म्हणून आदीच फुटामागं एक सूत जास्त धरायचं.
पन्नास वर्सं ह्याच पट्टीनं मोजलोय,
दुसरी मला येत न्हाई."

साहेबांनी बारा लिहिलं.
दीड इंच चहाबरोबर सोडून दिला.
जाताना म्हणाले, कडेमनी म्हणजे शेवटचं घर,
आमच्या आजोबांचं होतं तसं,
त्यालाही कुणी मोजमाप विचारलं नव्हतं.

चांगुणाबाई आता आकसलीय.
कडी हाताला लागत नाही,
उंबऱ्याला पाय अडतो.
भरमाणी रोज सकाळी उंबऱ्यावर रंधा मारतो,
एकेक पापुद्रा,
पिवळा सगळा भुश्शात गेला,
शेळी त्यावर बसते.

परवा फोन आला.
"येताना पिवळा आण. काम हाय अजून."
आणि काळा?
"नको. होता तो डबा
उघडाच ऱ्हायला, वाळला."