मोजणी

तिसऱ्या वळणावर नीवा तापली तेव्हा
वडील म्हणाले, "घाई कसली, तळं काही उठून जात नाही."
मी बाटलीतलं पाणी रेडिएटरला पाजलं.
खाली रस्ता, उसवलेल्या दोऱ्यासारखा.
ते खिडकीतून तोंड बाहेर काढून हुंगत होते:
"उत्तरेच्या उतारावर अजून बर्फ आहे."
होतं. बसलेल्या मेंढीएवढं.

मग खिंड, आणि खिंडीपलीकडे सोन-कुल.
इतकं आकाश एकदम अंगावर येतं
की माणूस आधी टोपी सांभाळतो.

बेचाळीस उन्हाळे त्यांनी इथे पक्षी मोजले,
पगार होता तेव्हा, आणि पगार थांबल्यावरही.
आता दोन्ही डोळ्यांत काचबिंदू.
दुर्बीण माझ्या गळ्यात आली,
सवय मात्र त्यांच्याच मानेत राहिली:
कुठे पंख वाजले की अजून वळते.

बुरुलचाच्या नमद्याच्या तंबूपुढे
आम्ही कुमिसचे वाडगे घेऊन बसलो.
बिश्केकची पोरं लाल कयाक फुगवत होती.
एकानं विचारलं,
"आजोबा, इथे बघण्यासारखं काय आहे?"
"मला विचारतोस?" वडील इतके हसले
की कुमिस दाढीवरून ओघळलं.

"सांग," ते मला म्हणाले.
मी सांगू लागले:
मार्मोटच्या जुन्या बिळातून
चक्रवाकाची मादी बाहेर आली आहे,
विटकरी अंग, तोंडाला पीठ लागल्यासारखी.
मागे पिल्लं. नऊ.
कापसाच्या बोळ्यांवर शाई सांडावी तशी.
पाणी आपल्या दोनशे पावलांवर.
त्यांच्या किती, देव जाणे.
मध्ये घोडे.
मध्ये बुरुलचाचा कुत्रा, झोपलेला,
निदान तसं दाखवणारा.

घोड्यांनी पाय उचलून वाट दिली.
कुत्र्यानं एक डोळा उघडून मिटला.
आणि मग वरून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना,
घार.

मादी ओरडली.

"काय झालं?"
"काही नाही. पोचली पाण्यात. नऊच्या नऊ."

ते बराच वेळ वाडग्याची कड
अंगठ्यानं चाचपत राहिले.
"घार एका झेपेत एकच नेते," म्हणाले.
"आठ लिही.
डोळे माझे गेलेत, वहीचे नाहीत."

मी आठ लिहिलं.
तारीख, वारा, ढग, सगळं लिहिलं.
नऊ खोडलेलं दिसू नये म्हणून
त्यावर गिरवत बसले,
तर कागदच फाटला.

दुपारी त्यांनी बूट काढले,
मोजे बुटांत नीट कोंबले,
माझा हात धरून तळ्यात उतरले,
आणि थंडी पोटऱ्यांना भिडताच
लेकीसमोर म्हणू नये असं काहीतरी म्हणाले.

लाल कयाक जरा लांब होती.
"पोरं थांबली का गं?"
मी पाहिलं.
वल्ही मांडीवर आडवी घेऊन
सगळी गप्प बसली होती,
आणि त्यांच्या नाकासमोरून
रांग चालली होती, लांबच लांब, सावकाश.

"थांबलीत," मी म्हटलं.
"हं," ते म्हणाले. "मग मोज पुन्हा."