हातचा

फ्राउक्येचा फोन आला तेव्हा मी पुलाच्या केबिनमध्ये होते,
खाली एक उंच डोलकाठीची बोट ताटकळत.
"दोघं आहेत," ती म्हणाली, "भाऊ-बहीण.
एकेकटे नाही देणार. न्यायचे तर जोडीनं."
मी पूल उचलला.
रस्त्याचा एक तुकडा आभाळात उभा राहिला
आणि दोन्हीकडच्या सायकली थांबल्या.
मी म्हटलं, विचार करते.

फ्लिप गेला फेब्रुवारीत,
कालवा गोठला त्याच आठवड्यात.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, लगेच पुरू नका,
दुसरीला कळू दे.
म्हणून टॉवेलवर ठेवला दोन तास, मोस्टर्डपाशी.
तिनं त्याचं कपाळ चाटलं, रोजच्यासारखं,
मग आपलं कपाळ त्याच्या हनुवटीखाली घातलं
आणि वाट पाहत राहिली,
आता तिची पाळी होती.
मी भांडी घासायला गेले.
दोन तास पुरतील एवढी भांडी आमच्याकडे नाहीत.

तेव्हापासून ती वॉशिंग मशीनला टेकून झोपते.
गरम असतं, गुरगुरतं, अंगाला अंग लागतं.
मी चार मोज्यांवर मशीन लावते.
डाऊवे विजेचं बिल वाचतो,
मोठ्यानं.

शाळेत घोकून घेतलेलं:
आठ आणि पाच तेरा, तेराचे तीन, हातचा एक.
सशांचंही तसंच काहीतरी.
दोन होते, एक गेला, हातचा एक.
त्याला जोड आणा, म्हातारी आधी जाणार,
नवा उरणार, हातचा एक.
त्याला पुन्हा जोड.
दोन आणले तर तीन होतात,
एक गेला तरी दोघं असतात एकमेकांना,
आणि मग त्या दोघांतला—
डाऊवे म्हणतो, ही बेरीज कधी उतरत नाही खाली.
ससा जगतो दहा वर्षं, बारासुद्धा.
मी एकसष्टची, तो सहासष्टचा.
एखाद्या दिवशी ससे उरतील आणि आपण नाही,
मग फ्राउक्येला फोन कोण करणार?

शिवाय मला दुसरीच धास्ती.
ते दोघं एकमेकांना चाटत बसतील
आणि आमची म्हातारी बाजूला,
घरात दोन ससे असूनही
मशीनपाशी.

शनिवारी बघायला गेलो, नुसतं बघायला.
चीजच्या जुन्या गोदामामागे पिंजरे, पेंढा, ओल्या कोबीचा वास.
फ्राउक्ये म्हणाली, आधी बाथटबमध्ये सोडा तिघांना,
तिथं कुणाचंच राज्य नसतं.
आठवडे लागतील. चावतील. केस उडतील.
कदाचित जमणारही नाही.
हिची नावं? छे, मी ठेवत नाही,
ठेवली की देववत नाहीत.
डाऊवेनं मात्र भरपूर नावं ठेवली:
बहीण ढब्बू आहे,
भावाचा एक कान पडका,
नजर उधारी मागायला आल्यासारखी.
त्यानं बोटं जाळीतून आत घातली होती हे सगळं बोलताना.

परतताना बांधावरचा रस्ता.
मेंढ्या. वारा नाही, पवनचक्क्या ठप्प.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तो म्हणाला, "टपालवाला सगळ्या वायरी कुरतडून ठेवणार."
"कोण?"
"कान पडलाय ना एक. टपालवाला."
आणि त्यानं नको तिथं गिअर बदलला.

गुरुवारपर्यंत कळवायचं आहे.
अजून काही ठरलेलं नाही.
काल बाथटबमध्ये मोजपट्टी सापडली.
तो म्हणाला, नळाच्या कामासाठी.
आज दुकानात मुलानं विचारलं,
गवताचा गठ्ठा नेहमीचा की मोठा.
मोठा, मी म्हटलं.
गवत काही नासत नाही, असंही म्हटलं,
त्यानं विचारलं नव्हतं.