तीस मोजा

म्हापशाला, शुक्रवारी,
बाहेर मिरच्या-चण्यांचा बाजार गरजतोय
आणि फेलिसियो काचेवर तीन जोड मांडतो.
"डावा कान तुमचा उजव्याहून लहान."
चाळीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यात नुसताच ढोल.
दुसरा गोड, पण पाचव्या मिनिटाला
चपलेतल्या खड्यासारखा टोचू लागतो.
तिसऱ्याचा फोम तो चिमटीत वळतो, वातीसारखा.
"घाला, आणि तीस मोजा."
बाविसाला बाजार मिटला.

मी सोबत आणलेलं एकच रेकॉर्डिंग लावते:
मार्दोळच्या देवळात रुद्रूमामाचं घुमट.
नऊ वर्षं ऐकतेय, स्वस्तातल्या वायरीवर.
आज चामड्यावर घासलेलं बोट ऐकू आलं,
थाप पडण्याआधी त्याने घेतलेला श्वास,
आणि मागे खांबाशी कुणी बाई, हळूच:
"खतखत्यांत तेफळां घाल्यांत मगे?"

कोण ही, ऐन आरतीत?
पुन्हा लावते. पुन्हा.
मीच.

अठरा हजार.
स्कूटरचा विमा भरायचाय पुढच्या महिन्यात.
"बेस कसा वाटला?" फेलिसियोचे ओठ हलतात.
मी अंगठा वर करते.
कान दुखत नाही,
एवढं तर खरंच.