सहाशे ठिपके

नारिनच्या बाजारात माझं दुकान म्हणजे
एक गंजका कंटेनर, अर्धा माझा,
अर्धा मोजे विकणाऱ्या तुर्दुबेकचा.
हिवाळ्यात आधी शेगडी पेटते, मग स्क्रू हलतात.

झुराकान आपा लॅपटॉप घेऊन आल्या
लोकरीच्या शालीत गुंडाळून,
आजारी कोकरू आणावं तसा.
दहा इंची. आडवे एक हजार चोवीस ठिपके, उभे सहाशे.
शाळेनं भंगारात काढला तेव्हा घेतलेला;
झाकणावर अजून सातवी ब,
आणि कुणीतरी कंपासनं कोरलेला घोडा, तीन पायांचा.

"चालतो," त्या म्हणाल्या, "पण पुरत नाही."

अंथरूण पाहून पाय पसरावेत
ही अक्कल नव्या प्रोग्रामांना कुणी शिकवलीच नाही.
ऐसपैस येतात. वर पट्टी, पट्टीखाली पट्टी,
डावीकडे चित्रांची रांग,
मधे भलीमोठी पांढरी जागा, नुसती मिरवायला,
आणि ज्याच्यासाठी उघडलं ते 'पुढे' लिहिलेलं बटण
काचेच्या खाली कुठंतरी,
टेबलाच्या लाकडात, आपांच्या मांडीवर.

बनवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही.
उंच माणूस फळी ठोकतो
तेव्हा स्वतःच्याच हातानं मापतो.

मी हलकी सिस्टीम टाकली. अक्षरं सदुसष्ट टक्क्यांवर आणली,
आपांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
पट्ट्या लपवल्या. सावल्या, चमक, तरंगणं, सगळं बंद.
पेन्शनचा अर्ज उघडला.
बटण तरीही खालीच.

मग त्यांनीच मला दाखवलं, त्या काय करतात:
टॅब, टॅब, टॅब, ओठांनी मोजत, अकरा वेळा,
मग डोळे मिटून एंटर.
आंधळी कोशिंबीर, पण गडी बरोबर सापडतो.
एकदाच चुकल्या. दहाव्यावर दाबलं आणि अर्ज रद्द झाला.
त्या वर्षी कोळसा उधारीवर.

मी म्हटलं, ही ऑल्ट. डाव्या अंगठ्यानं धरून ठेवा.
आता खिडकी कुठंही पकडा आणि वर ढकला,
पडद्याबाहेर गेली तरी जाऊ द्या.
तिचं डोकं नकोय आपल्याला, पाय हवेत.

त्यांनी ढकलली. बटण वर आलं.
हसल्या, दोन सोन्याचे दात दिसले.
मग विचारलं, "कुठलीही खिडकी चालते? बोलायचीसुद्धा?"

मॉस्कोत तेव्हा दुपार असावी.
आयचुरेक दिसली कपाळापासून हनुवटीपर्यंत.
दोन वर्षं एवढीच दिसते म्हणे.
दवाखान्यात असते, नोंदी ठेवते.
जेवलीस का. मेंढी व्याली, जुळी झाली.
बोलता बोलता आपांनी अंगठा ठेवला
आणि ढकललं.

कपाळ गेलं. भुवया गेल्या. डोळे गेले.
खालून गळा आला, लाल एप्रन,
मागे कोबीचे क्रेट,
आणि छातीवर प्लास्टिकची पाटी.
पाटीवर नाव: आन्या.

बिनडोळ्यांचं तोंड बोलत राहिलं,
साहेब चांगले आहेत, डॉक्टर चांगले आहेत.

तुर्दुबेक मोजे मोजत होता, त्याचा आकडा चुकला.
मी शेगडीत विनाकारण लाकूड घातलं.

आपांनी खिडकी परत खाली ओढली,
हळू, झोपलेल्या मुलाचं पांघरूण ओढावं तशी,
बरोबर हनुवटीपर्यंत.
"घसा बसलाय तुझा," म्हणाल्या. "गरम काहीतरी घे, आयचुरेक."
नाव जरा जास्तच स्पष्ट उच्चारलं.

दोनशे सोम दिले, सुट्टे, मोजून.
शाल पुन्हा गुंडाळली.
दारात थांबून म्हणाल्या,
"ते अकरा टॅब. तेही अजून चालतं ना?"

चालतं, मी म्हटलं.