कट्ट्याची दोन टोकं

गंगावेशीत सांजंला म्हशी येतात,
कासंडीत धार वाजते, ग्लासात फेस चढतो
आणि विषय निघतो.
निघतो कसला, तो तिथंच असतो,
दगडाला चिकटलेल्या सायीसारखा.

बॉल आत होता का बाहेर?

दोन हजार दोनची फायनल,
चावरे तालीम आणि पद्माळा मंडळ, शेवटची चार मिनिटं.
वरच्या दांडीला लागून बॉल खाली आला
रेघेवर, नाहीतर रेघेच्या पलीकडं,
आणि बंडू इंगवल्यानं तो पोटाशी ओढला.
एवढंच.
ह्या एवढ्यावर बावीस वर्षं दूध विकलं गेलंय.

पिंपळाच्या टोकाला चावरेवाले बसतात,
पानपट्टीच्या टोकाला, तेपण चावरेवालेच.
मधे अठरा पावलं. मी मोजलीत.
दोन्हीकडं एकच भांडण, एकाच वेळी,
एकमेकांकडं पाठ करून.

घोसरवाडे मास्तर मधनं फिरतात, काखेत डायरी.
"अरं झालंय की ह्यावर बोलून!
अकरा मार्चला झालं, दिवाळीत झालं,
सुऱ्याच्या हळदीला तर हाणामारी झाली.
आणि बोलायचंच असलं तर तिकडं जावा,
तिकडं बारा जण ह्याच मुद्द्यावर हायत."
कोण उठत नाही.
आपल्या टोकाचा दगड आपल्या बुडानं तापलेला असतो.

रंगा मोहिते नुसतं "बरोबर" म्हणतो,
इकडं आत म्हटलं की बरोबर,
तिकडं जाऊन बाहेर म्हटलं की बरोबर.
एक जण मधेच गुळाचा दर काढतो.
एक चष्मेवाला सहा वर्षं झाली नुसता ऐकतोय,
त्याचा आवाज कसा आहे, देवाला ठाऊक.
आणि दर सुट्टीला पुण्याहून कोणतरी येतं,
पांढरेशुभ्र बूट, हातात ग्लास,
"एक विचारू का?" म्हणतं.
मास्तर डोळे मिटतात.

मी समोरच्या गाड्यावर इस्त्री मारतो.
त्या दिवशी झेंडा माझ्या हातात होता.

नंतर सोळा वर्षं इचलकरंजीत मागावर काढली,
परत आलो तेव्हा दाढी गेलेली, अंगातलं मांसही.
कुणी ओळखलं नाही. मीही सांगितलं नाही.
ऊन डोळ्यावर होतं.
हे कारण नव्हे, आपलं सांगतो.

परवा रंगाची धाकटी आली, सई, नऊ वर्षांची,
दुधाची मिशी तशीच ठेवून म्हणाली,
"पण झेंडेवाल्याला कुणी विचारलं का?"

मास्तरांनी डायरी उघडली.
पानं मागं, पानं पुढं, थुंकी लावून परत मागं.
"हे नाही," म्हणाले, "हे आलेलंच नाही कधी."
दोन्ही टोकं वळली.
म्हशीनं शेपूट हाणलं तेवढाच आवाज.
निखारे राखेखाली गेले,
माझा हात जर्सीवर तसाच.

मग चष्मेवाला बोलला.
किती बारीक आवाज, सहा वर्षं वापरलेला नाही.
"तो मेला म्हणतात."

"बरोबर," रंगा म्हणाला.

मास्तरांनी लिहून घेतलं, तारीख घातली.
पिंपळाकडनं कोणतरी म्हणालं,
"मेला तर मेला, पण बॉल आत होता भावा."
"कुणी सांगितलं?" पानपट्टीकडनं.
आणि पाठी पुन्हा पाठींना लागल्या.

जर्सीचा दहा नंबर इस्त्रीला चिकटून आला,
आता त्याचा मालक उद्या शिव्या घालणार.
मी ओला फडका झटकला,
हात सरळ, खांद्याच्या रेषेत,
सवय हो, दुसरं काय.

ग्लास परत द्यायला गेलेली सई
तिथंच थांबून
माझ्या हाताकडं बघत होती.