धुळीच्या रंगाचं झबलं

दोघं जन्मली सात मिनिटांच्या अंतरानं,
फहाहीलच्या इस्पितळात, फेब्रुवारीच्या शेवटी.
लिजी सिस्टरनं विचारलंही नाही;
एकाच्या मनगटात निळी पट्टी, एकीच्या गुलाबी.
वजन सारखंच, दोन किलो तीनशे.
ते नंतर कुणी विचारलं नाही.

पाचव्या मजल्यावर मग माणसं येऊ लागली
डिंकाचे लाडू घेऊन, चपला लिफ्टपर्यंत.
तो रडला की, "आवाज बघा, साहेब होणार!"
ती रडली की, "रडूबाई गं, सासरी कसं निभायचं?"
डोळे मिटून ऐकलं तर
कोण रडतंय ते मलाही सांगता आलं नसतं.

मालिशला यायच्या फैझाआपा परकार,
बोटं लोण्याची.
हिचं नाक चिमटीत धरून ओढायच्या
चाफेकळी व्हावं म्हणून.
त्याच्या नाकाला कुणी हात लावला नाही.
त्याच्या छातीवर तळवे फिरायचे गोल गोल,
जणू तिथं काही साठवायचं आहे
आणि त्यातून पाणी गळता कामा नये.

तीट त्याला दोन, गालावर आणि तळपायाला.
"तिला मेलं कोण दृष्ट लावतंय!"
कुमुदमावशी, गडहिंग्लजहून, फोनच्या पडद्यातून.
आणि मी हसले.
लिहून ठेवते इथं: मी हसले.

जूनमध्ये शमाल सुटला.
तीन दिवस सूर्य न घासलेल्या पितळी वाटीसारखा.
बाल्कनीतली झबली, मी धावेपर्यंत,
एकाच रंगाची झाली होती.
निळं कुठलं, गुलाबी कुठलं,
वाळवंटानं आपला रंग दिला होता
न विचारता, दोघांना सारखा.
नळाला पाणी गढूळ.
झटकली, आणि तीच घातली.

संध्याकाळी देवरुखकर वहिनी आल्या, डोळे चोळत.
दुपट्यावर दोघं, शेजारी शेजारी.
त्यांनी हात पुढे केले
आणि ते हवेतच थांबले.
"यातला तो कोणता गं?"
किती वर उडवायचं, किती हळू धरायचं,
पठ्ठ्या म्हणायचं की बाहुली,
हातांना काही सुचेना.
मी लगेच सांगितलं नाही.
एसीच्या घरघरीत एक लांब, मोकळा क्षण गेला.
दोघं आपापली मूठ चोखत होती.

आतून हर्षद म्हणाला, "डावीकडचा, वहिनी."

डावीकडे ती होती.
ती पंख्यापर्यंत उडाली, "वा रे पठ्ठ्या!"
आणि असं हसली, असं,
की मी दाराची चौकट धरली.
त्याचा गाल कुणीतरी बोटाच्या पाठीनं कुरवाळला,
"गुणाची गं पोर," आणि तो, बिचारा दमलेला,
तेवढ्यावर झोपून गेला.
मी चहा टाकायला उठले.

रात्री तीनला दोघं भुकेनं उठली.
दिवा लावला नाही.
माझा हात सवयीनं आधी
पाळण्याच्या भिंतीकडच्या कडेला गेला.
त्या कडेला रोज कोण असतं
ते हाताला ठाऊक होतं.

तो तिथंच थांबला,
वहिनींच्या हातासारखा.
काचेवर वाळू सरसरत होती.
दोघं रडत होती, एकाच आवाजात,
आणि मला अजून ठरवायचं होतं.