आतली खुर्ची

कुओपिओच्या वाद्यवृंदात
सेकंड व्हायोलिनच्या चौथ्या स्टँडला दोन खुर्च्या.
श्रोत्यांकडची, बाहेरची, माझी.
आतली इर्मेलीची.
नियम जुना आहे, लिहून कुणी ठेवलेला नाही:
पान आतल्याने उलटायचं.

ती आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती.
पडद्याआडची परीक्षा, उमेदवार क्रमांक सात.
टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू येऊ नये
म्हणून बूट काढून लोकरी मोज्यांवर चालत आलेली.
पडद्याच्या अलीकडे आम्ही बिस्किटं खात होतो.
सात नंबरला कुणीतरी चावायचं थांबलं.
एवढंच.
यालाच नोकरी लागणं म्हणतात.

मग एकतीस वर्षं.
व्हायोलिनचं कर्ज फ्लॅटच्या कर्जाहून मोठं,
फ्लॅट आधी फिटला.
शनिवारी नऊ मुलं शिकवणीला, त्यातलं एक तरी रडणारं.
उणे अठ्ठावीसला बसथांब्यावर
स्वतःचा मफलर सोडून पेटीला गुंडाळायची.
लाकूड तडकतं, म्हणायची, माणूस नाही.
पुढे तिचा डावा खांदा गेला,
तेव्हा मी हे वाक्य तिला ऐकवलं नाही.

हनुवटीखाली तपकिरी डाग, सगळ्यांनाच असतो.
बाजारातला मासेवाला डोळा मारून विचारायचा,
कुणी चावलं गं?
नोकरीनं, ती म्हणायची,
आणि सुटे पैसे मोजून घ्यायची.

पाठीमागे ट्रम्पेट, म्हणून कानात बोळे.
नऊ कंडक्टर आले नि गेले.
एकाला आम्हा सगळ्यांची नावं पाठ होती,
त्याला वर्षात काढला.
एकटीने वाजवायची वेळ तिच्यावर दोनदाच आली:
बहिणीच्या लग्नात,
आणि त्याच बहिणीच्या दफनाला.

निवृत्तीच्या दिवशी नगराध्यक्ष म्हणाले,
पहिल्या व्हायोलिनचा आधारस्तंभ आज आपल्यातून जातो आहे.
आम्ही हसू दाबलं. ती दाबू शकली नाही.
फुलं, एक चौकटीचं ब्लँकेट, कँटीनचा केक.

आता स्टँडवर टॅबलेट आलेत.
पायाखाली पेडल, दाबलं की पान सरकतं,
आतल्या खुर्चीवर आर्तू नावाचा मुलगा, पायाने चपळ.
पहिल्याच मैफलीत पान संपत आलं,
आणि जिथे आजवर माझं व्हायोलिन
दोन-चार ठोके एकटंच चालत असे
तिथे शेजारून सूर आला.
मी दचकलो, चुकलो.
रस्ता ओलांडताना अनोळखी माणसाने
हात धरावा तसं झालं.
तिथे इतकी वर्षं कुणी नसायचं,
हे मला कळलंच नव्हतं.

मार्चमध्ये तिच्याकडे गेलो.
खिडकीबाहेर तळं अजून गोठलेलं,
बर्फाला भोक पाडून एकजण गळ सोडून बसलेला.
जिन्यातच ऐकू आलं, ती वाजवत होती.
ओळखीचं, तरी कशातलं ते सांगता येईना:
एका सिम्फनीचं शेपूट, दुसरीचा अर्धा उद्गार,
मध्येच एका वॉल्ट्झची दोन पावलं,
कशालाच सुरुवात नाही.

हे काय वाजवतेस?
पानांचे कोपरे, ती म्हणाली.
लायब्ररीतून झेरॉक्स आणलेत.
उलटायच्या आधीचे नि नंतरचे सूर.
ह्यातला एकही मी कधी वाजवलेला नाही,
हात कामात असायचे.

एकशे चाळीस पानं, टाचून, क्रमाने.
विचारलं नाही, की मी रागवावं का लाजावं.
कोट न काढताच तिच्या डाव्या हाताला बसलो,
खुर्ची जरा मागे घेतली.
तळाची ओळ आली तसा मी हात पुढे केला.
दोन पानं एकदम आली.

उशीर केलास, ती म्हणाली, गज खाली न घेता.
कोपरा आधीच मोडून ठेवायचा असतो.
एवढंही बघितलं नाहीस कधी?